चांदसाहेबांच्या दुकानाची पायरी

चिंचवेशीचा संघ सलग चौथा सामना हरला त्या संध्याकाळी चांदसाहेब शिकलगारांच्या दुकानासमोर इतकी माणसं जमली की रिक्षावाल्यांना वळसा घालून जावं लागलं. सामना झाला की तिथं माणसं जमतच. पण एरवी चहा यायचा, चेष्टा व्हायची. त्या दिवशी चहा सांगायचं कुणाला सुचलं नाही.

दुकान धार लावण्याचं. मिरजेतल्या शिंप्यांच्या कात्र्या, खाटकांचे सुरे, आजूबाजूच्या गावांतले ऊसतोडीचे कोयते तिथं येत. आत चांदसाहेब, त्यांचं विजेवरचं चाक आणि पाण्याचं डबडं एवढंच मावायचं, त्यामुळे बाकी सगळे बाहेर दगडी पायऱ्यांवर बसत. चिंचवेस ही पेठ तशी लहान. शिकलगार, बागवान, मराठे, काही घरं लिंगायत वाण्यांची. फुटबॉलचा संघ मात्र आजोबांच्या काळापासूनचा. संघात कोण कुठल्या घरचा हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो गोल मारतो का, एवढंच विचारायचे.

चांदसाहेब साठीला आलेले. तरुणपणी ते याच संघातून डाव्या बगलेला खेळले. गुडघा गेला आणि खेळ सुटला, पण मैदान सुटलं नाही. चिंचवेशीचा सामना असला की दुकानाचं शटर खाली. थोरल्या मेहुण्याच्या लग्नातून ते जेवणाच्या आधी उठून मैदानावर गेले होते, आणि बायकोनं, जन्नतबीनं ते त्यांना अजून माफ केलेलं नाही. आवाज खर्जातला. चाकाच्या खरखरीवरून बोलायची सवय, त्यामुळे तो लांब जायचा. त्यांनी मैदानावर कधी कुणाला शिवी दिली नाही. तशी गरजच पडत नसे. समोरचा एखादा गडी चेंडू घेऊन अडखळला की ते सावकाश एक वाक्य टाकत, आणि ते पलीकडच्या गोलकीपरलाही ऐकू जाई. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य पेठेत फिरत असे. लहानथोर सगळे त्यांना चांदचाचा म्हणत. आपल्या बोलण्याला वजन आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांना आवडतही होतं.

त्या वर्षी संघाला कोच नवा होता. जयराज नाव, कुंडलचा. फौजेतून परतलेला, पलटणीच्या संघातून खेळलेला, पस्तिशीचा उंच गडी. संघ चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष नानासो, धान्याचे व्यापारी, त्यांनी त्याला आणलं आणि आपल्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या राहायला दिल्या. बायको दीपमाला खंडाळ्याची. ती आली तेव्हा पेठेतल्या बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलावलं होतं. पहिला सामना तेव्हा व्हायचा होता.

जयराजच्या हाती जो संघ आला तो अर्धाच होता. पुढं खेळणारे दोघे कोल्हापूरच्या संघांनी नेले होते, कप्तान नोकरीसाठी पुण्याला गेला होता. उरली ती कॉलेजची पोरं आणि मागं दोन वयस्कर गडी. जयराजनं ते बघितलं आणि पाच जण गोलसमोर उभे केले, त्यांच्या पुढ्यात चार. पुढं एकटा एक. आधी गोल खायचं थांबवू, मारायचं मग बघू, असं तो सांगायचा. पेठेला हे सोसेना. चिंचवेस हरली तरी धावून हरायची, हा पेठेचा अभिमान होता.

पायरीवर दोन तट पडले. रिक्षावाला कृष्णात कोचच्या बाजूचा. चांदसाहेब विरुद्ध, आणि त्यांच्या मागं जवळजवळ सगळे.

“चिंचवेस कवा दार लावून बसल्याली बघितलीस का, कृष्णात?” चांदसाहेबांनी विचारलं.

“चाचा, घरात चोर शिराय लागलं तर मानूस दार लावनारच की.”

“लावून बी चोरी हुतीया न्हवं? मग उघडं ठिवून दोन चोर तरी बडवू.”

सगळे हसले. कृष्णातलाही हसू आलं. पण तो म्हणत राहिला की पहिल्या सामन्यात चार गोल खाल्ले होते, आता एकच खाल्ला, म्हणजे काहीतरी सुधारतंय. यावर कुणीतरी म्हणालं की असंच सुधारत गेलो तर पुढच्या वर्षी ब गटात सुधारू. मग हसणं थांबलं. जिल्हा लीगमध्ये शेवटचा येणारा संघ खाली ब गटात जायचा, आणि चिंचवेस कधीच खाली गेलेली नव्हती.

पुढचा सामना कुपवाडच्या संघाशी. पोरांनी जीव तोडून गोल राखला. चेंडू बाहेर मारायचा, पुन्हा आत येऊ द्यायचा, पुन्हा बाहेर मारायचा. पुढं ठेवलेला पोरगा एकटाच कमरेवर हात देऊन उभा होता. प्रेक्षकांत शिट्ट्या सुरू झाल्या, त्या आपल्याच संघासाठी. सामना बरोबरीत सुटणार असं वाटत असताना कॉर्नरवरून चेंडू आला, कुणाच्या तरी खांद्याला लागला आणि आत गेला. पाचवी हार. आता शेवटचा सामना तेवढा राहिला. त्यात निदान बरोबरी हवी होती, आणि तो होता सगळ्यांत वरच्या संघाशी.

त्या संध्याकाळी पायरीवर माणसं चांदसाहेबांकडं बघत होती. त्यांचा पुतण्या तौसीफ मोबाईल समोर धरून उभा होता. तौसीफ धाकट्या भावाचा मुलगा, चोविशीतला, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि संघाचं इंटरनेटवरचं पान तोच सांभाळायचा. चांदसाहेब आधी खेळाविषयी बोलले. पोरं चांगली आहेत, त्यांच्या पायात जोर आहे, पण त्यांना पुढं जाऊच दिलं जात नाही, असं काहीबाही. मग कुणीतरी विचारलं, आता करायचं काय? तेव्हा ते म्हणाले,

“ह्यो मानूस हितं हाय तवर चिंचवेस जित्ती न्हाई. येशीभाईर काडा ह्येला. बोलून जाईत नसंल तर उचलून काडा.”

टाळ्या पडल्या. चांदसाहेबांना बरं वाटलं.

सकाळी ते दुकानाला निघायच्या बेतात असताना त्यांची मुलगी मदिहा फोन घेऊन समोर आली. ती एका दवाखान्याच्या रक्त तपासणीच्या विभागात कामाला. तिच्याबरोबरच्या बायकांकडं ती चित्रफीत पोचली होती. तौसीफनं खेळाविषयीचं सगळं बोलणं काढून टाकलं होतं. उरली होती शेवटची दोन-तीन वाक्यं आणि टाळ्या, वर मोठ्या अक्षरांत ‘कोच हटाव’. खाली लोकांनी लिहिलेलं मदिहा वाचून दाखवू लागली. आधी पेठेतले, ओळखीचे. मग सांगलीचे, कडेगावचे, पलूसचे. कुंडलच्या माणसाला मिरजेत कोण उचलतंय ते बघू, असं एकानं लिहिलं होतं. त्याच्या खाली चांदसाहेबांच्या नावाविषयी, धर्माविषयी सुरू झालं होतं. लिहिणाऱ्यांनी चिंचवेशीचा एकही सामना बघितलेला नसावा. फुटबॉलचं त्यात काहीच नव्हतं. आणि उत्तर देणारेही तसलेच होते.

मदिहा थांबली. पुढचं वाच, असं चांदसाहेब म्हणाले. ती म्हणाली, वाचत नाही.

त्यांनी तौसीफला बोलावून खडसावलं. त्यानं चित्रफीत काढून टाकली, पण ती आता शेकडो फोनांत होती. आपणच जाऊन जयराजला भेटावं असं चांदसाहेबांच्या मनात आलं. ते मैदानाच्या कोपऱ्यापर्यंत गेलेही. जयराज पोरांना पळवत होता. चांदसाहेबांना वाटलं, आता जाऊन काय बोलायचं? बोललो ते खोटं नव्हतं. खेळ आवडत नाही तो नाहीच. शेवटचा सामना होऊ दे, मग बघू, असं म्हणून ते परत फिरले.

त्यानंतर गोष्टी वाढत गेल्या. गोलच्या जाळ्या कुणीतरी कापल्या. जयराजच्या गाडीच्या हँडलला बांगड्या बांधलेल्या सापडल्या. त्यानं त्या सोडून खिशात घातल्या आणि सराव घेतला, असं कृष्णातनं सांगितलं. चांदसाहेबांनी ऐकून घेतलं आणि कोयता चाकाला लावला.

त्याच आठवड्यात एका दुपारी कृष्णातची रिक्षा दुकानासमोर करकचून थांबली.

“चाचा, पोरं कोचच्या घराकडं चालल्यात. म्होरं तौसीफ हाय.”

चांदसाहेबांनी चाक बंद केलं आणि शटर तसंच उघडं टाकून ते रिक्षात बसले.

नानासोंच्या गोदामासमोर तीस-चाळीस पोरं जमली होती. गोदामाच्या अंगाला वर जाणारा अरुंद जिना होता, एका वेळी एकच माणूस चढेल एवढा. जयराज मैदानावर होता. वरच्या खिडकीच्या काचेमागं दीपमाला दिसत होती. पोरं कोचच्या नावानं ओरडत होती. चांदसाहेबांना बघून त्यांनी वाट करून दिली, टाळ्या वाजवल्या. चाचा आले, आता बघा, असा गलका झाला. पोरांना वाटलं, ते पुढारपण करायला आलेत.

चांदसाहेब गुडघ्यावर हात ठेवून जिन्याच्या काही पायऱ्या चढले, वळले आणि तिथंच बसले. जिना बंद झाला.

पोरं गोंधळली. त्यांना परत जायला सांगितलं तर कुणी हलेना. मग मागून एकानं विचारलं, “चाचा, तुमीच म्हनला न्हवं, उचलून काडा म्हनून?”

“व्हय. मीच म्हनलो.”

आयुष्यात पहिल्यांदाच चांदसाहेबांना वाक्य सापडत नव्हतं. समोर सगळी ओळखीची पोरं. कुणाच्या बारशाला ते गेले होते, कुणाला बुटांना खिळे मारून दिले होते. शेवटी ते एवढंच म्हणाले, “आता आदी मलाच उचला. मग वर जावा.”

कुणीही पुढं आलं नाही. दोघं-तिघं मागच्या मागं निघूनही गेले. तेवढ्यात उजव्या बाजूनं एक हात वर गेलेला चांदसाहेबांनी बघितला. तो हात त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. दगड त्यांच्या डोक्यावरून गेला, वर काच फुटली आणि पाठोपाठ बाईचं ओरडणं ऐकू आलं.

पोरं वाट फुटेल तिकडं पळाली. तौसीफ एकटाच जागेवर थिजला होता. चुलत्याची आणि त्याची नजरानजर झाली, आणि मग तोही पळाला.

वर दीपमालाच्या मनगटापासून कोपरापर्यंत काच फिरली होती. ती जमिनीवर बसून दुसऱ्या हातानं जखम दाबत होती. कृष्णातनं खांद्यावरचा टॉवेल बांधला, दोघांनी तिला धरून खाली आणलं आणि रिक्षात घातलं. ती रडत नव्हती. अर्ध्या वाटेवर ती चांदसाहेबांकडं न बघता म्हणाली,

“तुमीच पेटवलं, आन तुमीच इझवाय आला.”

“व्हय, बाई,” चांदसाहेब म्हणाले.

दवाखान्यात टाके घालेपर्यंत जयराज आला, मैदानावरच्या मळक्या कपड्यांतच. चांदसाहेब बाकावरून उठून उभे राहिले. तो त्यांच्या बाजूनं आत गेला. परत येऊन तो फोनवर कुंडलला, थोरल्या भावाशी बोलला. उदयसिंह हा भाऊ, तोही फौजी, घरचा कर्ता. काय बोलणं झालं ते चांदसाहेबांना ऐकू आलं नाही, पण फोन ठेवताना जयराज दोनदा म्हणाला की एकटाच ये, गाड्या घेऊन येऊ नको.

उदयसिंह गाड्या घेऊन आला. ऊन उतरेपर्यंत दोन जीपा आणि मोटारसायकली गोदामासमोर उभ्या होत्या. चिंचवेशीतली दुकानं आपोआप बंद झाली. कोपऱ्यावर पोलिसांची गाडी आली. कुंडलहून अजून माणसं निघालीत, पलीकडच्या मोहल्ल्यात पोरं जमतायत, अशा बातम्या येत होत्या आणि खऱ्या-खोट्याचा पत्ता नव्हता. मिरजेनं असले दिवस बघितलेले. वयस्कर माणसं बायकापोरांना आत घ्यायला लागली.

नानासोंनी चांदसाहेबांना गोदामात बोलावून घेतलं. चांदसाहेबांचा धाकटा भाऊ आधीच येऊन बसला होता, तोंडावरचा रंग उडालेला. नानासो माणूस वाईट नव्हे, पेठ शांत राहावी एवढंच त्यांना हवं होतं. ते समजुतीनं म्हणाले, “चाचा, नाव घिऊ नका. कोन तरी भाईरचा हुता, वळकीचा न्हवता म्हना. समद्यांच्याच हिताचं हाय.”

भावानं चांदसाहेबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

चांदसाहेबांना ते पटलंही. बाहेर जे उभं होतं ते बघता नाव घेणं म्हणजे आगीत हात घालणं होतं. शिवाय तौसीफचं लग्न ठरत आलं होतं. ते मान खाली घालून बसले होते तेवढ्यात दार उघडून उदयसिंह आत आला, मागं जयराज आणि हात गळ्यात बांधलेली दीपमाला. दीपमाला घरी थांबायला तयार नव्हती.

उदयसिंहनं नमस्कार केला नाही. सरळ विचारलं, “दगूड कुनी मारला?”

नानासो सांगू लागले की गर्दी मोठी होती, बाहेरगावची पोरं होती, कुणाचं कुणाला कळलं नाही. उदयसिंह ऐकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की असलं काहीतरी ऐकायची तयारी करूनच तो आलाय. त्याचे दोन गडी दारात येऊन उभे राहिले.

“भाईरचा न्हवता,” चांदसाहेब म्हणाले.

भावाचा हात गुडघ्यावरून निघाला.

“माज्या सख्ख्या भावाचा पोरगा हाय. तौसीफ. मी ह्या डोळ्यांनी बघितलं. आन दगूड त्येनं मारला तरी शिकवला मी हाय. काय करायचं ते आमा दोगांचं करा. पेठंचं नगं.”

गोदामात पोत्यांच्या धुळीनं कुणीतरी खोकलं. उदयसिंह चांदसाहेबांकडं बघत राहिला. मग त्यानं एक रिकामी खुर्ची ओढली आणि तो बसला. दारातल्या माणसांना त्यानं हातानंच बाहेर जायला सांगितलं.

नानासोंनी लगेच समझोत्याचं काढलं. पोरानं पाया पडावं, मंडळानं माफी मागावी आणि झालं-गेलं विसरावं. जयराज म्हणाला, हात हिचा फाटलाय, ठरवायचं ते हिनं. सगळे दीपमालाकडं बघायला लागले. ती दारापाशीच उभी होती.

“मी तक्रार देनार,” ती म्हणाली. “आज सोडलं तर उद्या दुसरीच्या खिडकीवर दगूड पडंल.”

तिला तसं करू नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही. उदयसिंहनं एवढंच विचारलं की पोरगा हजर होणार का. चांदसाहेब म्हणाले, मी घेऊन येतो.

भावाच्या घरची ती दोन-चारशे पावलं त्यांना फार लांब वाटली. भावजयीनं दारातूनच त्यांना काय काय सुनावलं. घरात ते सगळे दखनीत बोलत, आणि त्या भाषेत जितकं कडू बोलता येतं तितकं ती बोलली. तौसीफ माजघरात भिंतीला टेकून बसला होता. चांदसाहेबांना बघून तो काही न बोलता उठला आणि चपला घालायला लागला. त्याला चौकीत सोडून, जबाब देऊन, स्वतःच्या बोलण्याविषयीही सगळं सांगून चांदसाहेब घरी आले तेव्हा जन्नतबी जेवायला थांबली होती. तिनं फक्त विचारलं, भाऊ काय म्हणाला? ते म्हणाले, पुन्हा दारात येऊ नको म्हणाला. तिनं ताट पुढं सरकवलं. पुतण्या तिच्याच अंगाखांद्यावर वाढला होता.

कुंडलच्या जीपा दिवे लागायच्या आतच परत गेल्या होत्या. पोलिसांची गाडी सकाळी गेली. शटरं एकेक करून उघडली.

शेवटच्या सामन्याला जयराज येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तो आला. नानासोंना त्यानं सांगितलं की हातात घेतलेलं काम तो संपवून जाणार आहे.

मैदान भरलेलं होतं, पण नेहमी वाजणारी हलगी नव्हती. दोन्ही बाजूंना पोलीस बसलेले. चांदसाहेब आपल्या नेहमीच्या जागी बसले तर आजूबाजूची माणसं जरा सरकली. मागून कुणीतरी घरभेदी म्हणालं. त्यांनी वळून बघितलं नाही. शेजारी कृष्णात येऊन टेकला.

संघ तसाच उतरला. पाच मागं, चार पुढ्यात, एक एकटा. पहिल्या अर्ध्यात समोरच्यांनी गोलवर इतके फटके मारले की मोजदाद राहिली नाही. चिंचवेशीच्या कीपरच्या एका बोटाला पट्टी होती, आणि तो प्रत्येक चेंडू छातीवर घेत होता. मध्यंतरानंतर मागच्या दोन वयस्कर गड्यांपैकी एकाचे पाय आखडले. तो लंगडत उभा राहिला. प्रेक्षकांतून ओरडा सुरू झाला, “फुडं जावा! फुडं!” ओरडा वाढत वाढत सगळ्या मैदानाचा झाला. पोरं वळून वळून जयराजकडं बघत होती. जयराज रेषेवर उभा राहून तळहात खाली दाबत होता. थांबा, जागा सोडू नका.

चांदसाहेबांच्या जिभेवर तेच शब्द आले होते. असला खेळ त्यांनी आयुष्यभर नाकारला होता. एकदा तर डावीकडं मोकळी जागा अशी दिसली की त्यांचा दुखरा पाय आपोआप हलला. पण ती जागा घ्यायला गेलेला पोरगा परत येऊ शकला नसता हेही त्यांना दिसत होतं. ते दोन्ही मुठी मांड्यांवर आवळून बसले. मनात एकच चाललं होतं, हा खेळ मला आवडत नाही, पण आज जमू दे.

शेवटी शेवटी समोरच्यांचा एक उंच गडी मोकळा सुटला आणि त्यानं डोक्यानं मारलेला चेंडू आडव्या दांडीवर आपटला. खाली पडला तो रेषेवरच. कीपर त्यावर झोपला. पुढची मिनिटं कशी गेली ते चांदसाहेबांना नीट सांगता येत नाही. शिट्टी झाली तेव्हा कृष्णातनं त्यांचा दंड धरलेला होता.

शून्य-शून्य. चिंचवेस अ गटात राहिली.

नाचलं कुणी नाही. थोड्या टाळ्या झाल्या, आणि माणसं उतरून घरी निघाली. जयराजनं प्रत्येक पोराशी हात मिळवला, कीपरला जवळ घेतलं आणि सरावाचं सामान पिशवीत भरू लागला. चांदसाहेब मैदान ओलांडून त्याच्यापाशी गेले. हात जोडून त्यांनी माफी मागितली. जयराजनं मान हलवली, ती होकाराची की नुसतीच, कळलं नाही. निघताना चांदसाहेबांना राहवलं नाही.

“तुजा खेळ मला अजून बी पटत न्हाई, जयराज.”

“मला तरी कुटं आवडतोय, चाचा? पर हायत ती पोरं बघून खेळावं लागतंय.”

मंडळाच्या बैठकीत चांदसाहेब उभे राहिले आणि जयराजला अजून एक वर्ष ठेवावं असं म्हणाले. काहींनी त्यांना खाली बसायला सांगितलं. पण तो वाद वायाच गेला, कारण दीपमाला मिरजेत राहायला तयार नव्हती आणि जयराजनं कडेगावच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षकाची नोकरी पत्करली होती.

खटला पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालला. प्रत्येक तारखेला चांदसाहेब दुकान बंद करून कोर्टात जात आणि तौसीफच्या बाकावर बसत. तो आधी सरकून दूर बसायचा. मधल्या काळात त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. त्यानं आपण कडेगावला जाऊन माफी मागू का असं कृष्णातकरवी विचारलं, तर दीपमालाचा निरोप आला की भेटायचं ते कोर्टातच. ती कोर्टात आली तेव्हा तिनं घडलं तेवढंच सांगितलं, कमी नाही, जास्त नाही. दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत, तेही सांगितलं. तौसीफनं गुन्हा कबूल केला. पहिलाच गुन्हा आणि वय बघून न्यायाधीशांनी त्याला चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं. दीपमाला व्हरांड्यातून चांदसाहेबांच्या समोरून गेली. ती थांबली नाही, आणि त्यांनीही तिला थांबवलं नाही.

चांदसाहेबांचा भाऊ त्या दिवशी पहिल्यांदाच कोर्टात आला होता, खांबापाशी वेगळा उभा. थोड्या वेळानं तो जवळ आला आणि जमिनीकडं बघत त्यानं विचारलं, चहा घेतला का? तिघं समोरच्या टपरीवर गेले. भावजय अजून त्यांच्याशी बोलत नाही. पण चहा संपत आला तेव्हा तौसीफ हळूच म्हणाला की नव्या कोचनं पहिल्या सामन्यात मागं दोघंच ठेवले होते आणि चार गोल खाल्ले. भाऊ म्हणाला, दोन मारले की. चांदसाहेबांनी ग्लास खाली ठेवला, आधी दोघांकडं बघितलं, आणि मग सावकाश विचारलं, मागं ठेवलेले ते दोघं कोण कोण होते.